वऱ्हाडातील दोन जहाजे

वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबई गाठायची तर रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर जावे लागते, अमरावतीकरांना त्याहून जास्त. आपली पूर्णा पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरते. तिचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढेच काय ते आपले समुद्राशी नाते, असे आपण भूगोलाच्या तासाला शिकलो. त्यामुळे शाळेच्या स्मरणिकेत जहाजांवर लेख पाहून काही मित्रांना वाटेल, की निवृत्तीनंतर याला दुसरा विषय सापडला नाही काय!

पण इतिहासाची गंमत अशी, की भारतीय जहाजाचे जे प्राचीन चित्र आज सर्वांत जास्त अभ्यासले जाते, ते ज्या राजवटीच्या छत्राखाली काढले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, तिची राजधानी आपल्या वाशीमला होती. आपण शाळेत होतो तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच होते; वेगळा जिल्हा झाला तो १९९८ साली. म्हणजे जुन्या हिशेबाने ते जहाज आपल्या जिल्ह्याचेच म्हणायला हरकत नाही.

गेली दोन वर्षे मी लाकडाची दोन जहाजे घडवतो आहे. पहिले या अजिंठ्याच्या चित्रातले आणि दुसरे जुन्या चिनी धाटणीचे, ज्याला 'जंक' म्हणतात. दोन्ही प्रतिकृती स्नेहमेळाव्यात मांडायच्या आहेत. त्या करताना जे वाचले, पाहिले आणि हाताला कळले, ते इथे मांडतो.

वाशीमचे राज्य आणि अजिंठ्याची भिंत

वाकाटक घराण्याच्या दोन शाखा होत्या. एक नंदिवर्धनची, म्हणजे रामटेक परिसरातली. दुसरी वत्सगुल्मची, म्हणजे वाशीमची. ही दुसरी शाखा स्पष्टपणे उजेडात आली ती १९३९ साली सापडलेल्या वाशीम ताम्रपटामुळे. वाकाटकांचे कोरीव लेख आणि ताम्रपट एकत्र करून त्यांचा नीट अर्थ लावण्याचे मोठे काम महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी केले. आपल्यातल्या अनेकांनी ज्या अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात पुढचे शिक्षण घेतले, तिथे ते काही काळ प्राचार्य होते.

या शाखेचा सर्वांत प्रतापी राजा हरिषेण. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले आणि तसा लेख भिंतीवर कोरून ठेवला. अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे सरकत बुलढाणा, अकोला, वाशीम या भागांत येते. आपल्याकडे ज्याला घाटावरचे वऱ्हाड म्हणतात, तो हाच उंच मुलूख. तेव्हा अजिंठा हे वत्सगुल्मच्या राज्यातले, शेजघरातले म्हणावे असे ठिकाण होते.

जहाजाचे ते चित्र दोन क्रमांकाच्या लेण्यात आहे. बहुतेक अभ्यासक ते हरिषेणाच्या काळातले मानतात, काही जण थोडे पुढे नेतात. चित्राची कथा आहे सोपाऱ्याच्या पूर्णाची. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, त्या काळचे शूर्पारक बंदर. पूर्ण हा तिथल्या धनिक व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. त्याने सागरी व्यापारात नाव काढले आणि पुढे बुद्धाचे वचन ऐकून तो भिक्षू झाला. नंतर त्याचा भाऊ भविल जहाज घेऊन चंदनाच्या शोधात गेला. चंदनाच्या वनावर एका यक्षाचा ताबा होता. त्याने वादळ उठवले, जहाज बुडू लागले, व्यापाऱ्यांनी पूर्णाचा धावा केला आणि पूर्णाने येऊन त्यांना वाचवले. त्या चंदनातून सोपाऱ्याला बुद्धासाठी वास्तू उभारली, असे कथा सांगते.

कथेतला यक्ष सोडून द्या. पण सोपाऱ्याचे व्यापारी समुद्रापलीकडून माल आणत आणि त्यांची गोष्ट सह्याद्री चढून डोंगरातल्या लेण्यापर्यंत पोहोचत असे, हे त्यातून कळते. घाटमाथ्यावरचे पैठण आणि किनाऱ्यावरची बंदरे यांच्यात मालाच्या गाड्या चालत, हे तर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणातही आहे.

चित्रात काय दिसते

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला अजिंठा पडला. पुढे रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी यांनी पुन्हा नकला केल्या. मूळ रंग आज पुष्कळ फिके झाले आहेत, भिंतीचा गिलावा ठिकठिकाणी निघाला आहे. त्यामुळे जहाजाचा अभ्यास करणाऱ्याला भिंत आणि ग्रिफिथ्सच्या मंडळींनी केलेली नक्कल, दोन्ही शेजारी ठेवून पाहावी लागतात. राधाकुमुद मुखर्जी यांचा भारतीय नौकानयनावरचा ग्रंथ १९१२ साली आला, तेव्हापासून हे जहाज इतिहासाच्या पुस्तकांत स्थिरावले.

चित्रात तीन डोलकाठ्या आहेत. त्यांवर उंच, अरुंद, चौकोनी शिडे. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, आणखी एक शीड. नाळेवर रंगवलेला डोळा. मागच्या बाजूला दिशा सांभाळण्यासाठी मोठी वल्ही. आणि तळफळीवर ओळीने मांडलेले रांजण. पाण्याचे असतील, तेलातुपाचे असतील, विकायच्या मालाचेही असतील.

डोंगरातल्या चित्रकाराने समुद्र पाहिला होता का? सांगता येणार नाही. पण रांजणांची रांग, वल्ह्यांची जागा, डोलकाठ्यांची संख्या हे सगळे मनाने रचलेले वाटत नाही. एक तर त्याने स्वतः बंदर पाहिले असावे, किंवा पाहिलेल्या माणसाने त्याच्या शेजारी बसून सांगितले असावे.

आता चीनकडे

'जंक' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे भंगार येते, तसा त्याचा काही संबंध नाही. जहाजाला जावा-मलाया भागात 'जोंग' म्हणत. त्या नावावरून युरोपीय भाषांत हा शब्द आला. चिनी जहाजांचे पुष्कळ प्रकार आहेत. उत्तरेकडच्या उथळ, गाळाच्या किनाऱ्यावर सपाट तळाची जहाजे चालत. दक्षिणेकडे फूच्येन प्रांतात तळाशी निमुळती, कणा असलेली, खोल समुद्रात जाणारी जहाजे बांधत.

चीन आणि आपला मुलूख यांची गाठ समुद्रावर फार आधी पडली होती. फाहियान नावाचा चिनी भिक्षू ३९९ साली खुष्कीच्या मार्गाने भारताकडे निघाला. परत जाताना सिंहलद्वीपाहून तो एका मोठ्या व्यापारी जहाजात बसला. त्यावर दोनशेच्या आसपास माणसे होती. वाटेत वादळ लागले, जहाजाला गळती लागली, व्यापाऱ्यांनी माल समुद्रात टाकला. फाहियानाला भीती एकच, की आपल्या पोथ्या आणि मूर्तीही फेकून देतील. शेवटी दुसऱ्या जहाजाने, दिशा चुकत चुकत, ४१२ साली तो चीनच्या किनाऱ्याला लागला. अजिंठ्याचे ते चित्र यानंतर दोनेक पिढ्यांनी रंगवले गेले. त्यातले वादळ पाहताना मला फाहियानाची ती गळती आठवते.

पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता आला. मुहम्मद तुघलकाने १३४२ साली त्याला वकील म्हणून चीनकडे रवाना केले. दिल्लीहून निघून तो दौलताबादवरून, म्हणजे अजिंठ्याच्या शेजारच्याच मुलखातून, गेला. मराठ्यांविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे. मग खंबायतच्या बाजूला उतरून तो समुद्रमार्गे कालिकतला पोहोचला. तिथे बंदरात त्या वेळी १३ चिनी जहाजे उभी होती. मोठ्या जहाजांना बारा शिडे असत आणि ती वेळूच्या कामट्या चटईसारख्या विणून केलेली असत, असे तो सांगतो. नजराणा ज्या जहाजात होता, ते कालिकतच्या बंदरातच वादळात फुटले. वकिलाच्या नजराण्याची वाट लागली आणि वकील किनाऱ्यावर राहिला.

हे झाले प्रवाशांचे वर्णन. पण चिनी जहाजाच्या इतिहासाचे भाग्य असे, की प्रत्यक्ष जहाजच सापडले. फूच्येन प्रांतातल्या च्वानचौ या बंदराजवळ गाळात रुतलेले एक जहाज १९७३ साली आढळले आणि १९७४ साली उकरून काढले. ते तेराव्या शतकातले, सुंग काळाच्या अखेरचे. उरलेला भाग २४.२० मीटर लांब आणि ९.१५ मीटर रुंद. आत धूपाची लाकडे, मिरी आणि कवड्या होत्या. म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रातून परत आलेले जहाज. याच च्वानचौमध्ये १२८१ सालचा तमिळ लेख आणि हिंदू मंदिराचे कोरीव दगड मिळाले आहेत. आपल्याकडचे व्यापारी तिथे नुसते जाऊन येत नव्हते, तर राहून देवळे बांधत होते.

त्या जहाजात बारा आडव्या भिंती होत्या, म्हणून तेरा कप्पे झाले होते. एका कप्प्याला भोक पडले तरी पाणी शेजारच्या कप्प्यात सहज जाऊ नये, ही योजना. कण्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात बांधणाऱ्यांनी सात नाणी आणि काशाचा आरसा ठेवला होता. आपण घराच्या पायाभरणीला नाणे ठेवतो, त्याच हाताचे हे काम.

टेबलावरचे काम

आता प्रतिकृतींकडे येतो. दोन्हींचे प्रमाण मी पन्नासास एक धरले. च्वानचौचे अवशेष त्या प्रमाणात ४८ सेंटिमीटरच्या थोडे वर लांब आणि १८ सेंटिमीटरच्या थोडे वर रुंद होतात. अजिंठ्याच्या चित्रावरून जहाजाची लांबी मोजता येत नाही. तिथे काय केले ते पुढे सांगतो.

लाकूड परतवाड्याहून आणलेल्या मेळघाटच्या सागाचे. मूळ चिनी जहाजात चीड, देवदाराच्या जातीचे आणि कापराच्या झाडाचे लाकूड होते. पण आपल्या हाताला सागाची सवय. रंधा मारला की तो कसा वागेल ते ठाऊक असते. शिडांच्या कामट्यांना मेळघाटचाच बांबू. कापड हातमागाचे, जाडेभरडे. पॉलिशला जवसाचे तेल.

चिनी जहाज करताना पहिला धडा मिळाला तो आडव्या भिंतींचा. बाजारात जहाजांच्या प्रतिकृतींचे जे तयार संच मिळतात, त्यांत कण्यावर आडवे तुकडे उभे करून त्यांवर पट्ट्या चिकटवायच्या असतात. युरोपीय जहाजाच्या बाबतीत ती सोय असते. मूळ जहाजात तिथे फासळ्या असतात, सलग भिंती नसतात. चिनी जहाजात मात्र त्या भिंती खऱ्याच आहेत. ज्याला आपण कारागिराची सोय समजतो, तेच तिथे जहाजाचे बळ आहे. बारा भिंती कापून, घासून कण्यावर बसवल्या, तेव्हा फळ्या लागायच्या आधीच सांगाडा हातात इतका घट्ट झाला, की ही योजना शतकानुशतके का टिकली ते वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. त्या भिंतींच्या तळाशी, कण्यालगत, लहान भोकेही ठेवली. मूळ जहाजात तशी आहेत. रोजचे झिरपलेले पाणी एका ठिकाणी जमून उपसता यावे आणि वेळ पडली तर भोके बुजवता यावीत.

शिडांचेही तसेच. चिनी शिडाला आडव्या कामट्या असतात. वारा वाढला की वरची दोरी सैल करायची. कामटीवर कामटी येऊन शीड पडद्यासारखे खाली मिटते. खलाशाला डोलकाठीवर चढावे लागत नाही. माझ्या नातीने ते दोनदा मिटून-उघडून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, हे तर आपल्या खिडकीच्या पडद्यासारखं आहे." तिला समजले तेवढे खलाशाला पुरे होते.

सुकाणूसाठी आधार मिळाला तो एका प्राचीन प्रतिकृतीचाच. कँटनच्या परिसरात हान काळातल्या एका थडग्यात मातीचे लहान जहाज सापडले आहे. त्याच्या मागच्या टोकाला मधोमध सुकाणू आहे. आपल्याकडे लोथलला मातीची जहाजे मिळाली आहेतच. कुणीतरी कधीतरी हातभर मातीचे खेळण्याएवढे जहाज केले आणि दोन हजार वर्षांनी तोच पुरावा ठरला. आमच्या या नादाला घरात कुणी खेळ म्हटले, तर मी हे उदाहरण देतो.

अजिंठ्याच्या जहाजाची गोष्ट वेगळी. त्या काळी आपल्या समुद्रावर फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवून जहाजे बांधत. फळीच्या काठाला गिरमिटाने भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची गादी ठेवायची, दोरी ओवून आवळायची, वर राळ आणि तेल. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात तर सागरी जहाजाला लोखंड वापरू नये, समुद्रातले चुंबकी दगड ते ओढून घेतात, असे बजावले आहे. कारण काल्पनिक असले तरी रीत खरी होती. शिवलेले जहाज थोडे लवते; वाळूवर आपटले, लाटेत पिळवटले तरी लगेच तडकत नाही.

ज्या सुतार मिस्त्रींकडे मी फळ्या कापून घेत असे, त्यांना हे पटेना. ते म्हणाले, "भाऊ, एकबी खिया नाई म्हणता, मंग थे पान्यात टिकनार कसं?" मी त्यांना बाजेची आठवण दिली. बाजेच्या विणीत कुठे खिळा असतो? चार माणसे बसली तरी ती लवते आणि धरून राहते. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं म्हना ना राजेहो, बाज समुद्रात सोडली!" त्यानंतर भोकांमधले अंतर किती ठेवायचे, हे त्यांनीच ठरवून दिले आणि ते बरोबर निघाले.

सारखेपणाचा मोह

दोन्ही जहाजे शेजारी ठेवली की काही गोष्टी डोळ्यांत भरतात. चिनी जहाजांच्या नाळेवर डोळे रंगवतात, विशेषतः दक्षिणेकडे. अजिंठ्याच्या नाळेवरही डोळा आहे. अजिंठ्याची उंच, अरुंद शिडे पाहून काही अभ्यासकांना चिनी शिडांची आठवण झाली. अशा वेळी लगेच निकाल देण्याचा मोह होतो. एक म्हणेल, चिन्यांनी आपल्याकडून घेतले. दुसरा म्हणेल, आपण त्यांच्याकडून.

डोळ्याने काहीच सिद्ध होत नाही. तो भूमध्य समुद्रातल्या जुन्या ग्रीक जहाजांवरही आहे. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला आपल्या जहाजाला दिसावे असे वाटते, ते कुठेही वाटेल. आणि दोन जहाजांची हाडे पूर्ण वेगळी आहेत. एकात लोखंडी खिळे आणि भिंती, दुसऱ्यात शिवण. एकाचे सुकाणू मधोमध, दुसऱ्याला बाजूची वल्ही. फळ्यांच्या सांध्यांत चिनी कारागीर तुंग झाडाच्या बियांचे तेल, चुना आणि तागासारखा धागा यांचे मिश्रण भरत. आपल्याकडे काथ्या आणि राळ. शेजारी शेजारी वाढलेल्या दोन विद्या आहेत या. त्यांनी एकमेकींना पाहिले नक्कीच. कोणी कोणाचे काय घेतले, ते एकेका भागाचा पुरावा पाहूनच ठरेल.

त्या एकमेकींना भेटल्या याचा उत्तम पुरावा इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली मिळाला. नवव्या शतकातले बुडालेले जहाज, आत चिनी मातीची हजारो भांडी, आणि जहाज मात्र शिवलेले! माल चीनचा, शिवण पश्चिमेकडच्या समुद्राची.

कौंडिण्य

आमचे टेबलावरचे काम लहान. हेच काम पूर्ण आकारात झाले ते गोव्यात. अजिंठ्याच्या चित्रावरून खरे, समुद्रात चालणारे शिवलेले जहाज बांधायचे असा करार जुलै २०२३ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात झाला. कल्पनेच्या मागे अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल होते. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या शिवल्या गेल्या. जुना आराखडा कुठेच नव्हता. चित्रावरून आकार ठरवायचा, मग त्याची प्रतिकृती करून मद्रास आयआयटीत पाण्यावर तपासायची, मग लाकडाला हात लावायचा, असे काम चालले. म्हणजे तिथेही आधी प्रतिकृतीच!

फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि त्याला 'कौंडिण्य' हे आग्नेय आशियात गेलेल्या पौराणिक भारतीय दर्यावर्दीचे नाव मिळाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ वाटला जात होता, तेव्हा वाशीमच्या राजवटीतले चित्र ओमानच्या बंदराला लागत होते.

याआधीही असे प्रयोग झाले आहेत. १९८०-८१ साली टिम सेव्हरिन यांनी ओमानमध्ये शिवलेले 'सोहार' हे जहाज मस्कतहून थेट कँटनला नेले. त्याची शिवण लक्षद्वीपच्या कारागिरांनी केली होती. म्हणजे ही विद्या पुस्तकात उरली नव्हती तेव्हाही काही माणसांच्या हातात उरली होती. कौंडिण्यच्या वेळी केरळात ती अजून होती. पुढच्या पिढीत किती हातांत असेल, ही काळजीची गोष्ट आहे. मेलेली विद्या चित्रावरून उठवता येत नाही. चित्र आकार सांगते, दोरी किती आवळायची ते सांगत नाही.

माझ्या अजिंठ्याच्या प्रतिकृतीची लांबी मी या कौंडिण्यवरून घेतली. ते सुमारे २० मीटरचे आहे, म्हणून माझे ४० सेंटिमीटरचे.

पॉलिश आणि कोरे लाकूड

आपल्या इतिहासाच्या सरांची एक सवय सगळ्यांना आठवत असेल. उत्तरपत्रिकेत आपण ठोकून दिलेल्या वाक्याच्या बाजूला ते लाल शाईने एकच शब्द लिहीत : 'कशावरून?' परीक्षेत त्याचा राग येई. जहाजे करताना तोच शब्द कामाला आला.

मी एक नियम पाळला. ज्या भागाला प्रत्यक्ष पुरावा आहे, त्याला जवसाच्या तेलाचे पॉलिश. जो भाग तर्काने केला, तो कोरा, पांढरट तसाच ठेवला. दोन्ही जहाजे पूर्ण झाल्यावर शेजारी ठेवली आणि जे दिसले ते कुठल्या पुस्तकात मला इतके स्पष्ट दिसले नव्हते.

चिनी जहाज खालून तपकिरी आणि वरून पांढरे आहे. कारण च्वानचौच्या गाळाने फक्त तळ राखला. वरचा भाग कुजून गेला. डोलकाठ्या, शिडे, वरची खोली हे सगळे प्रवाशांच्या वर्णनावरून, चित्रांवरून आणि अलीकडच्या चिनी जहाजांवरून बसवलेले. अजिंठ्याचे जहाज नेमके उलटे. वरून तपकिरी, खालून पांढरे. शिडे, डोलकाठ्या, डोळा, वल्ही, रांजण हे चित्रकाराने दाखवले. पाण्याखालचे तो कसे दाखवणार? तळ कसा होता, आत फासळ्या किती होत्या, कप्पे होते की नव्हते, ते कौंडिण्य बांधणाऱ्यांनी तर्क आणि चाचण्यांनी ठरवले, मी त्यांच्या मागे गेलो.

म्हणजे चीनने जहाजाचा तळ जपला आणि आपण माथा. आपल्या किनाऱ्यावरही गाळात काही दडलेले असू शकते. केरळात थैक्कल इथे शेतजमिनीखाली असे एक जुने जहाज मिळाले आहे. सोपारा, चौल या जुन्या बंदरांच्या खाड्या गाळाने भरल्या, वस्ती वाढली. तिथे पायाभरणीला जमीन उकरताना विचित्र आकाराची फळी लागली तर ती सरपणात जाऊ नये, इतके भान समाजात हवे. चीनमध्ये ते १९७३ साली दाखवले गेले, म्हणून आज तेरा कप्पे मोजता येतात.

अभिमानाचा प्रश्न मला इथे सोपा वाटतो. वाशीमच्या राज्यात असे चित्र झाले, ते पंधराशे वर्षे टिकले आणि त्यावरून जहाज बांधून ते मस्कतपर्यंत गेले, याचा अभिमान खुशाल बाळगावा. फक्त कोऱ्या लाकडावर पॉलिश मारून अभिमान वाढवू नये. एकदा का सगळे तपकिरी केले, की पुढच्या मुलाला विचारायला काही उरत नाही.

स्नेहमेळाव्यानंतर दोन्ही जहाजे शाळेत ठेवावीत, अशी मुख्याध्यापकांना विनंती केली आहे. काचेच्या कपाटात कुलूप लावून नव्हे, तर मुलांना शिडाची दोरी सोडून पाहता येईल अशी. कामट्या मोडतील, मोडू द्या. बांबू मेळघाटात पुष्कळ आहे. मित्रहो, तुम्ही प्रदर्शनात याल तेव्हा पॉलिश केलेल्या कोणत्याही भागावर बोट ठेवून 'कशावरून?' असे विचारा. उत्तर द्यायला मी शेजारीच खुर्ची टाकून बसलेला असेन. कोऱ्या भागाबद्दल मात्र तुम्हीच काही सुचवा. तुमच्यातले कुणी कोकणात, कुणी केरळात, कुणी सिंगापूरला स्थायिक झाले आहात. तिथल्या एखाद्या जुन्या होडीवाल्याशी बोलून, तळाची फळी तो कशी बसवतो एवढे विचारून या. पटण्यासारखे निघाले तर जवसाच्या तेलाची बाटली तयार आहे.